घटक ४ : नाव, नाममुद्रा आणि पत : लघुव्यावसायिकाची भाषिक ओळख

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• ‘नाव’ आणि ‘नाममुद्रा’ या संकल्पनांचा भाषिक व व्यावहारिक अर्थ स्पष्ट करता येईल.
• व्यवसायाच्या नावांचे प्रकार सांगून अभिधा, लक्षणा व व्यंजना यांच्या आधारे त्यांचे विश्लेषण करता येईल.
• पाटी, वेष्टन व ग्राहकाला द्यायचे उत्तर यांसाठी नेमका आणि खरा मजकूर लिहिता येईल.
• व्यावसायिक मजकुरावर कायद्याने कोणती बंधने येतात, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण जाहिरातीच्या भाषेचा परिचय करून घेतला. तेथे आपल्यासमोर मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती होत्या. त्यांचा मजकूर लिहिणारा एक असतो, वस्तू तयार करणारा दुसरा आणि विकणारा तिसरा. लहान व्यवसायाचे तसे नसते. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावात पिठाची गिरणी चालवणारा, शिवणकाम करणारी किंवा घरची हळद दळून पुडे भरणारी व्यक्ती स्वतःच कारागीर, स्वतःच विक्रेता आणि स्वतःच आपल्या पाटीची लेखक असते. ग्राहक वस्तूबरोबर त्या व्यक्तीलाही पारखत असतो. ‘कोणाकडची हळद?’ या प्रश्नातले ‘कोणाकडची’ हे पद ‘हळद’ या पदाइतकेच महत्त्वाचे ठरते.

आज ज्याला ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात, तो याच ‘कोणाकडची’ या प्रश्नाच्या उत्तराचा विस्तार होय. हा विषय व्यवस्थापनशास्त्राचा समजला जातो. परंतु नाव ठरवणे, पाटी लिहिणे, वचन देणे, तक्रारीला उत्तर देणे या साऱ्या मुळात भाषेच्या कृती आहेत. म्हणून व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात त्यांना स्थान आहे. तुमच्यापैकी अनेक जण अर्थार्जन सांभाळून शिकत आहेत. हा घटक वाचताना आपल्या किंवा आपल्या गावातील एखाद्या व्यवसायाचे उदाहरण सतत समोर ठेवावे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘नाव’ या शब्दाचा अर्थविस्तार

संस्कृत ‘नामन्’पासून मराठी ‘नाव’ आले आणि ‘ग्राम’पासून ‘गाव’ आले. दोन्ही शब्दांत मूळच्या ‘म’चा ‘व’ झाला आहे. जुन्या लेखनात ‘नांव’, ‘गांव’ असा अनुस्वार दिसतो, तो त्या हरवलेल्या ‘म’ची खूण होती. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले.

मराठीत ‘नाव’ हा शब्द केवळ ओळखीपुरता उरलेला नाही. पुढील वाक्प्रचार पाहा : नाव कमावणे, नाव काढणे, नाव राखणे, नाव घालवणे, नावारूपाला येणे, नावाला जागणे, नावापुरता असणे. यांत ‘नाव’ ही संपत्ती आहे. ती कमावता येते, राखता येते आणि गमावताही येते. ‘नाव ठेवणे’ हा प्रयोग तर विशेष लक्षणीय आहे. ‘बाळाचे नाव ठेवले’ म्हणजे नामकरण केले आणि ‘लोक नावे ठेवतात’ म्हणजे दोष काढतात. जो नाव धारण करतो, तो आपोआप दोष ऐकण्याच्या कक्षेत येतो, ही जाण या एका शब्दप्रयोगात साठवलेली आहे.

म्हणींचा कल मात्र नावाविषयी सावधपणाचा आहे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ आणि ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ या दोन्ही म्हणी नाव आणि वस्तुस्थिती यांतील अंतरावर बोट ठेवतात. म्हणजे नाव हे वस्तूला पर्याय नसते, हे मराठी समाजाने ‘ब्रँड’ शब्द येण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

याच अर्थक्षेत्रातला दुसरा शब्द ‘पत’. ‘बाजारात पत असणे’ म्हणजे शब्दावर उधारी मिळण्याइतका विश्वास असणे. नाव लोकांच्या तोंडी असते, तर पत त्यांच्या व्यवहारात दिसते. नाव एका दिवसात देता येते. पत मात्र अनेक व्यवहारांतून साचत जाते. व्यावसायिक ओळख घडवणे म्हणजे या दोहोंत मेळ साधणे.

४.२.२ नाममुद्रा : अभंगापासून बाजारापर्यंत

इंग्रजीतील ‘ब्रँड’ हा शब्द जाळण्याच्या, डाग देण्याच्या क्रियेशी निगडित आहे. गुराच्या अंगावर मालकीची खूण डागली जाई, त्यावरून तो व्यापारात आला. मराठीत त्यासाठी ‘छाप’, ‘मार्का’ हे शब्द रूढ झाले. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही घोडा, उंट, घड्याळ यांचे चित्र ओळखता येई, म्हणून ‘अमुक छाप’ असे म्हणण्याची पद्धत पडली. औपचारिक लेखनात आज आपण ‘नाममुद्रा’ हा शब्द वापरतो. मुद्रा म्हणजे शिक्का, मोहोर.

‘नाममुद्रा’ हा शब्द मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, त्यालाही आपण नाममुद्राच म्हणतो. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ हे शब्द रचनेचे कर्तृत्व सांगतात आणि ‘हे मी म्हणतो’ अशी जबाबदारीही घेतात. परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी हे हिंगोली जिल्ह्यातलेच. नामदेवांच्या बाबतीत एक अभ्यासनीय प्रश्न उद्भवला. त्यांच्यानंतर ‘विष्णुदास नामा’ या नावाने रचना करणारे कवी झाले आणि गाथेत रचनांची सरमिसळ झाली. कोणता अभंग कोणाचा, हे ठरवण्यासाठी संशोधकांना भाषेचे स्वरूप व आशय यांचा आधार घ्यावा लागला. केवळ नाममुद्रा पुरेशी ठरली नाही.

व्यवसायालाही हा धडा लागू पडतो. नावाची नक्कल सहज होते, पण शैली, दर्जा आणि सातत्य यांची नक्कल कठीण असते. ज्याच्या वस्तूला स्वतःचे वळण आहे, त्याचे नाव कोणी उचलले तरी जाणत्या गिऱ्हाइकाला फरक कळतो. ज्याच्याजवळ नावाखेरीज वेगळे काही नाही, त्याचे नाव उचलले गेले की सारेच गेले.

४.२.३ नावांचे प्रकार आणि शब्दशक्ती

महाराष्ट्रातील व्यवसायांची नावे पाहिली तर ढोबळमानाने पाच प्रकार दिसतात.

(अ) व्यक्तिनाम किंवा आडनाव : बेडेकर, किर्लोस्कर, चितळे बंधू मिठाईवाले.
(आ) देवतानाम : श्री गणेश, नागनाथ, तुळजाभवानी इत्यादी नावांची दुकाने.
(इ) स्थळनाम : गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावावरून.
(ई) गुणनाम : शुद्ध, उत्तम, रुचकर अशा विशेषणांवरून.
(उ) कल्पित किंवा स्वतंत्र शब्द : उदा. ‘लिज्जत’. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला सुरुवात केली. त्या उद्योगाचे नाव कोणा एकीचे नाही. चव या अर्थाचा एक शब्द त्यांनी सर्वांचा केला.

आता काव्यशास्त्रातील शब्दशक्ती या नावांना लावून पाहू. ‘चितळे’ या शब्दाचा वाच्यार्थ एक आडनाव एवढाच आहे. ही अभिधा झाली. ‘येताना चितळे आण’ असे पुण्यात कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ बाकरवडी किंवा दूध असा होतो. मुख्यार्थाला बाध आला आणि उत्पादक-उत्पादन या संबंधाने दुसरा अर्थ घेतला, ही लक्षणा. आणि त्याच नावातून वक्तशीरपणा, ठरलेला दर्जा, पूर्वी दुपारी दुकान बंद ठेवण्यातला ठामपणा असे जे काही सूचित होते, ती व्यंजना. भिलवडीत १९३९ साली दुधाच्या व्यवसायाने सुरू झालेल्या आणि १९५०मध्ये पुण्यात दुकान थाटलेल्या या घराण्याचे आडनाव अभिधेकडून व्यंजनेकडे जायला काही दशके लागली. हा प्रवास जाहिरातीने झटपट उरकता येत नाही, कारण व्यंग्यार्थ बोलणारा ठरवत नाही. तो ऐकणाऱ्याच्या अनुभवातून निर्माण होतो.

लक्षणा अती झाली तर नाव हातचे जाऊही शकते. ‘झेरॉक्स’ हे एका कंपनीचे नाव, पण मराठीत आज आपण कोणत्याही यंत्रावर ‘झेरॉक्स काढतो’. विशेषनामाचे सामान्यनाम झाले. याउलट गुणनामाची अडचण पहिल्यापासूनच असते. ‘शुद्ध हळद’ हे सर्वांचेच वर्णन असल्याने ते कोणा एकाचे नाव होऊ शकत नाही. केवळ वर्णनपर शब्दांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्यास कायदाही सहसा नकार देतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(१) ‘नाव ठेवणे’ या वाक्प्रचाराचे दोन अर्थ कोणते?
(२) ‘येताना चितळे आण’ या वाक्यात कोणती शब्दशक्ती आहे?
(३) ‘झेरॉक्स’ या शब्दाच्या बाबतीत मराठीत कोणता बदल झाला?

४.२.४ एक उदाहरण : किर्लोस्कर

सिंधुदुर्ग जिल्ह्यात किर्लोस नावाचे गाव आहे. त्यावरून ‘किर्लोस्कर’ हे आडनाव आले. या घराण्यातील लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने १९१०मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला. त्या वसाहतीचे व स्थानकाचे नाव ‘किर्लोस्करवाडी’ झाले. म्हणजे गावावरून आडनाव, आडनावावरून नाममुद्रा आणि नाममुद्रेवरून पुन्हा गाव असे हे वर्तुळ पूर्ण झाले. ‘-कर’ या प्रत्ययाचा इतका लांबचा प्रवास दुसरीकडे क्वचितच आढळेल.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब पुढची आहे. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर आरंभी खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा वेळी आडनाव मोठ्या अक्षरांत लिहून भागत नाही. ज्याच्या मनात शंका आहे, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागते. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे हे छोटे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगर आणि यंत्रे करणाऱ्या घराण्याचे नाव ज्यांनी कधी नांगर विकत घेतला नाही, अशा वाचकांच्या घरीही पोचले ते भाषेच्या वाटेने. ग्राहकाला उपयोगी असे काही सांगत राहणे, हा नाव कमावण्याचा टिकाऊ मार्ग आहे, हे या उदाहरणातून दिसते.

लहान व्यावसायिकाला मासिक काढण्याची गरज नाही. हळद विकणाऱ्या व्यक्तीने हळकुंड आणि पूड यांत काय फरक पडतो, बरणी ओली असल्यास काय होते, रंग गडद दिसला म्हणजे हळद उत्तम असे का मानू नये, एवढे चार वाक्यांत सांगितले तरी ते त्याच परंपरेतले होईल.

४.२.५ स्थळनामाचे बळ आणि जोखीम

आता आपल्याजवळचे उदाहरण घेऊ. समजा, पुसेगावातील एक शेतकरी गृहिणी घरच्या हळदीची पूड करून विकू इच्छिते. हिंगोली जिल्ह्यात हळदीचे पीक मोठे आहे आणि हिंगोलीचा बाजार हळदीसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा ‘पुसेगावची हळद’ असे नाव तिच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

येथे भाषेच्या दृष्टीने पहिली अडचण आहे ती समनामाची. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आणखी एक पुसेगाव आहे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे ते राज्यभर परिचित आहे. पुणे-मुंबईच्या ग्राहकाने ‘पुसेगाव’ वाचले तर बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर ते गाव येईल. गावात विक्री असेपर्यंत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण संदर्भ ऐकणाऱ्याला ठाऊक असतो. संदर्भ बदलला की तेच नाव संदिग्ध होते. म्हणून ‘पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली’ असा पूर्ण उल्लेख वेष्टनाच्या दर्शनी भागावर असावा.

दुसरी अडचण प्रसिद्ध नावाच्या मोहाची. वायगाव हळदीला २०१६मध्ये आणि सांगली हळदीला २०१८मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीलाही अशी नोंद मिळाली आहे. भौगोलिक निर्देशन हे कोणा एका व्यक्तीच्या मालकीचे नाव नसते. ठरावीक प्रदेशातल्या, ठरावीक गुणवैशिष्ट्ये असलेल्या मालाच्या उत्पादकांचे ते सामायिक धन असते. आपले शेत नोंदणीतील क्षेत्रात येते का आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय ते नाव पुड्यावर छापू नये. दुसऱ्या तालुक्याचे नाव मोठे आहे म्हणून ते आपल्या मालाला लावणे म्हणजे दुसऱ्याची नाममुद्रा आपल्या अभंगात घालणे होय.

४.२.६ मजकुराचे लेखन

पुढील नमुना वाचा.

नमुना १ : “आमच्या येथे सर्व प्रकारची शुद्ध, दर्जेदार व नंबर एक हळद पावडर योग्य दरात मिळेल. सर्व रोगांवर गुणकारी. एकदा अवश्य भेट द्या.”

व्याकरणदृष्ट्या या मजकुरात दोष नाही. तरीही तो काही सांगत नाही. ‘आमच्या येथे’ म्हणजे कोणाकडे? ‘योग्य दर’ म्हणजे किती? ‘शुद्ध’, ‘दर्जेदार’ ही विशेषणे प्रत्येक पाटीवर असल्याने त्यांची अर्थवाहकता संपली आहे. ‘सर्व रोगांवर गुणकारी’ हे विधान तर खोटेही आहे आणि कायद्याच्या कचाट्यात सापडणारेही. ‘पी हळद आणि हो गोरी’ या म्हणीत उतावळेपणाची जी थट्टा आहे, ती अशाच दाव्यांना लागू पडते.

नमुना २ : “ही हळद आमच्या पुसेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली) येथील शेतातली आहे. वाण शेलम. मार्चमध्ये काढून, शिजवून, उन्हात वाळवली आणि गावातल्या गिरणीत दळली. तीत रंग, पीठ किंवा दुसरे काहीही मिसळलेले नाही. पुडा उघडल्यावर कोरड्या बरणीत ठेवावी. काही दोष आढळल्यास खालील क्रमांकावर कळवा. पुडा परत घेऊ.”

दुसऱ्या नमुन्यात ‘शुद्ध’ हा शब्द एकदाही आलेला नाही. त्याऐवजी शुद्धता तपासता येईल अशी विधाने आहेत. विशेषणे कमी झाली, क्रियापदे वाढली. वाचणाऱ्याला वस्तू कोठून आली आणि तिच्यावर काय प्रक्रिया झाली, हे कळते.

यातील शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्या. ‘पुडा परत घेऊ’ हे वर्णन नाही, ते वचन आहे. जे. एल. ऑस्टिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने दाखवून दिले, की काही वाक्ये उच्चारणे म्हणजेच एक कृती करणे असते. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे ही अशा भाषिक कृतींची उदाहरणे होत. वचनाच्या बाबतीत तीन गोष्टी तपासाव्या लागतात : देणाऱ्याला ते पाळणे शक्य आहे का, त्याचा तसा मनोमन हेतू आहे का आणि वेळ आल्यावर तो ते पाळतो का. पुड्यावर वाक्य छापण्यापूर्वी पहिल्या दोहोंचे उत्तर स्वतःला द्यावे. तिसऱ्याचे उत्तर ग्राहक देतो.

या ठिकाणी खरी कसोटी लागते. समजा, एखाद्या वर्षी अतिवृष्टीने कंद सडले आणि घरची हळद निम्मीच आली. मागणी मात्र वाढलेली आहे. हिंगोलीच्या बाजारात चांगली हळद मिळते, ती दळून पुडे भरणे गैर नाही. पण पुड्यावरचे ‘आमच्या शेतातली’ हे शब्द तसेच राहिले, तर कालपर्यंत खरे असलेले वाक्य आज खोटे होते. छपाई करून ठेवलेल्या पुड्यांचा खर्च वाया जाऊ नये, हा मोह येथे मोठा असतो. अशा वेळी ‘यंदा घरची हळद संपल्याने ही हळद हिंगोलीच्या बाजारातून निवडून घेतली आहे’ अशी चिठ्ठी जुन्या मजकुरावर, तो झाकला जाईल अशी डकवावी. काही गिऱ्हाइके त्या वर्षी कमी होतील. जी उरतील, ती पुढील वर्षी ‘आमच्या शेतातली’ हे शब्द वाचताना त्यांवर विश्वास ठेवतील. नाव सुगीच्या वर्षी पसरते, पण पत अशा पडत्या वर्षी ठरते.

४.२.७ संबोधन आणि उत्तर : वाक्याचा कर्ता कोण?

गावच्या बाजारात गिऱ्हाइकाला ‘ताई’, ‘मावशी’, ‘काका’, ‘दादा’ अशी नातेवाचक संबोधने वापरतात. भ्रमणध्वनीवरील संदेशांतही ती टिकून आहेत. ही आपल्या व्यवहाराची बलस्थाने आहेत. अपरिचित व्यक्तीशी ‘तुम्ही’ आणि आदरार्थी क्रियापद ठेवून असे संबोधन वापरल्यास जवळीक व आदर दोन्ही साधतात. बोलताना बोली आणि छापील मजकुरात प्रमाणभाषा, हा भेद नैसर्गिक आहे. त्यात कोणतेही रूप कमी दर्जाचे नाही.

तक्रारीच्या उत्तरात मात्र भाषेची खरी परीक्षा होते. दोन उत्तरे पाहा.

(अ) “झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.”
(आ) “ताई, पुडा ओलसर निघाला हे कळवले, बरे केले. उद्या दुसरा पुडा पाठवते. जुना फेकू नका. चूक कोठे झाली ते मला पाहायचे आहे.”

पहिल्या वाक्यात कर्ता नाही. गैरसोय ‘झाली’, दिलगिरी ‘व्यक्त करण्यात येत आहे’. कोणी काय केले, हे वाक्यरचनेनेच झाकले आहे. मोठ्या कार्यालयांना ही कर्मणी रचना सोयीची असते. लहान व्यावसायिकाने तिचे अनुकरण केले, तर तो आपले एकमेव सामर्थ्य, म्हणजे समोर उभी असलेली व्यक्ती, गमावतो. दुसऱ्या उत्तरात ‘पाठवते’ या क्रियापदातच कर्ता आहे. ज्याला नाव कमवायचे आहे, त्याने वाक्याचा कर्ता व्हायला घाबरू नये.

४.२.८ कायद्याची चौकट

व्यावसायिक मजकुराला काही कायदेशीर मर्यादा आहेत. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे :

• दुकानाची पाटी : महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७च्या अधिनियमात २०२२मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार लहान दुकानांनाही मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक आहे. मराठी अक्षरे आरंभी असावीत आणि ती इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत.
• वेष्टन : बंद पुड्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे वैधमापन नियम, २०११ प्रमाणे आवश्यक आहे. खाद्यपदार्थावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडील १४ अंकी क्रमांकही हवा.
• दावे : मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे होतात, अशी जाहिरात करण्यास १९५४च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये कारवाई होते.
• व्यापारचिन्ह : १९९९च्या अधिनियमानुसार नोंदणी १० वर्षांसाठी होते व पुढे तिचे नूतनीकरण करता येते. मसाले ३०व्या वर्गात मोडतात. दुसऱ्याचे तेच आडनाव असेल आणि तो प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरत असेल, तर त्याला रोखता येत नाही. म्हणून आडनावाला एखादा वेगळा शब्द किंवा चित्र जोडणे हिताचे ठरते.

४.२.९ नाव कोणाचे?

शेवटी एका अवघड प्रश्नाकडे वळू. आपल्या परिसरात पापड, मसाले, शेवया, हळद, शिवणकाम असे अनेक व्यवसाय स्त्रिया चालवतात. पाटीवर मात्र पतीचे, मुलाचे किंवा सासऱ्यांचे नाव असते. यामागे मान देण्याची भावना असू शकते, परवाना कोणाच्या नावे आहे हेही कारण असू शकते. तथापि भाषेच्या अभ्यासकाने एवढे तरी नोंदवले पाहिजे, की अशा पाटीवर ज्या व्यक्तीच्या हाताला पत आहे तिचा निर्देशच होत नाही. ‘कोणाकडची हळद?’ या प्रश्नाला गिऱ्हाईक एक नाव सांगते आणि पाटी दुसरेच.

या बाबतीत आपल्या परंपरेत एक मोठा दाखला आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. तिच्या नाममुद्रेत ‘नामयाची दासी’ असा उल्लेख येतो, पण त्यापाठोपाठ ‘जनी’ हे तिचे स्वतःचे नावही येते. तिने घरच्या नावाचा आधार सोडला नाही आणि स्वतःचे नावही पुसू दिले नाही. दळण-कांडणाच्या कामातून उमटलेली ती रचना आज आपण ‘जनाबाईचे अभंग’ म्हणून ओळखतो, याचे एक कारण ती नाममुद्रा आहे. पाटीवर, परवान्यावर आणि बँकेच्या खात्यावर काम करणारीचे नाव असणे ही केवळ भाषिक बाब नाही. व्यवसायाचे नाव वाढल्यावर त्या नावाची मालकी कोणाची, हे त्याच कागदांवरून ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(१) ‘पुसेगावची हळद’ या नावात कोणती संदिग्धता आहे?
(२) ‘दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ या रचनेतून काय लपते?
(३) भौगोलिक निर्देशन आणि व्यापारचिन्ह यांतील मुख्य फरक सांगा.

४.३ सारांश

मराठीत ‘नाव’ हा शब्द ओळख, कीर्ती आणि जबाबदारी या तिन्ही अर्थांनी येतो. नाममुद्रा ही कर्तृत्वाची आणि उत्तरदायित्वाची खूण आहे, हे अभंगपरंपरेतून दिसते. व्यवसायाच्या नावाचा वाच्यार्थ मालक ठरवतो, व्यंग्यार्थ मात्र ग्राहकाच्या अनुभवातून घडतो. स्थळनाम वापरताना समनामाची संदिग्धता आणि सामायिक नावाचे नियम ध्यानात घ्यावे लागतात. चांगल्या मजकुरात विशेषणांपेक्षा तपासता येणारी विधाने असतात. वचन ही भाषिक कृती असून ती परिस्थिती बदलल्यावरही खरी ठेवावी लागते. पहिल्या यशाने ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे’ न होता व्यवहार आणि शब्द यांत मेळ राखणे, हाच नाव टिकवण्याचा मार्ग होय.

४.४ पारिभाषिक शब्द

नाममुद्रा : कर्त्याची ओळख पटवणारी नावाची खूण, व्यवसायाच्या संदर्भात ब्रँड.
पत : व्यवहारातून मिळवलेला विश्वास.
समनाम : उच्चार व लेखन एकच, परंतु निर्देश भिन्न असलेले नाव.
भौगोलिक निर्देशन : विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण.
भाषिक कृती : बोलण्यातून किंवा लिहिण्यातून घडणारी कृती.

४.५ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) नामकरण करणे व दोष काढणे. (२) लक्षणा. (३) विशेषनामाचे सामान्यनाम झाले.
प्रश्न – २ : (१) हिंगोली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांत पुसेगाव असल्याने निर्देश निश्चित होत नाही. (२) क्रियेचा कर्ता, म्हणजेच जबाबदार व्यक्ती. (३) भौगोलिक निर्देशन प्रदेशातील उत्पादकांचे सामायिक असते. व्यापारचिन्ह विशिष्ट मालकाचे असते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘नाव’ या शब्दावर आधारित आणखी पाच वाक्प्रचार शोधा व प्रत्येकाचा अर्थच्छटेसह वाक्यात उपयोग करा.
(२) ‘व्यंग्यार्थ ऐकणाऱ्याच्या अनुभवातून निर्माण होतो’ हे विधान तुमच्या परिचयाच्या एका व्यवसायाच्या आधारे स्पष्ट करा.
(३) शिवणकाम, गिरणी किंवा दुग्धव्यवसाय यांपैकी एकासाठी ८० शब्दांत वेष्टनाचा अथवा पाटीचा मजकूर लिहा. मजकुरात ‘शुद्ध’, ‘उत्तम’, ‘दर्जेदार’ ही विशेषणे वापरू नका.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील बाजारपेठेतील २५ दुकानांच्या पाट्या नोंदवा. नावांचे ४.२.३ मधील पाच प्रकारांत वर्गीकरण करा. किती पाट्यांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीचे नाव आहे आणि त्यांत स्त्रियांची नावे किती, याची स्वतंत्र नोंद ठेवून अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात ती मांडा.